अर्धा सेकंद

वेळापत्रकात छापतात: गुरुवार, पंचवीस वाजून पंचवीस.
योनागोत रात्र अशी ताणता येते,
उद्याला दाराबाहेर उभं करून.

दिवसभर मी कवळ्या घडवते.
एकेक दात मेणात रोवते, हिरडीचा रंग जुळवते.
गावातलं निम्मं हसू माझ्या बोटांखालून गेलंय,
पण हसून दाखवायला परत कोण येतं?

म्हणून जानेवारीपासून ही मालिका.
एक मुलगी, शाळेच्या ग्रंथालयात बसणारी.
एक मुलगा, रेडिओ क्लबचा एकुलता एक सभासद.
त्याला समुद्रापलीकडचं व्लादिवोस्तोक ऐकू येतं,
खेकड्यांच्या बोटींवरची भांडणं ऐकू येतात,
फक्त ती मनातलं बोलायला लागली
की नेमकी मालगाडी जाते.
दर आठवड्याला एक.
एवढ्या गाड्या आमच्या फाटकातून महिनाभरात जात नाहीत.

दुसऱ्या भागात कळलं, भिंत हसते.
पलीकडे २०४ मध्ये उराबे.
त्यांचा छतावरचा अँटेना, माझी केबल;
माझ्याकडे सगळं अर्धा सेकंद उशिरा पोचतं.
म्हणून आधी भिंत: "हा!" एकदाच, अक्रोड फुटल्यासारखं.
मग मुलाच्या डोक्यावर पुस्तकांची चळत कोसळते.
मग मी.
विनोद आधी कळला की मजा जाते, म्हणतात.
खोटं आहे.
अंधारात केक येण्याआधी
काडेपेटीचा आवाज यावा, तसं असतं ते.

ओळख म्हणाल तर एवढीच:
कचऱ्याच्या दिवशी ते कावळ्यांसाठी लावलेली जाळी उचलून धरतात,
मी पिशवी आत सरकवते.
"गारठा आहे."
"हो ना."
मालिकेचं नाव कुणीच काढत नाही.
साठी ओलांडलेल्या दोघांनी
शाळकरी प्रेमाबद्दल कचऱ्यापाशी काय बोलायचं?

सहाव्या भागाच्या रात्री बर्फाचा इशारा होता.
पडद्याच्या कडेला आणि खाली निळी पट्टी,
तिच्यातून बंद रस्त्यांची नावं सरकत होती.
उरलेल्या तुकड्यात ती दोघं अंग चोरून उभी.
इतकी जवळ ती पहिल्यांदाच आली,
तीही हवामान खात्याच्या कृपेनं.

सातवा भाग वेळेत झालाच नाही.
मागचेच तुकडे जोडून दाखवले.
त्याच विनोदांवर भिंत पुन्हा हसली, तितकंच.
ते मला फार आवडलं. का, ते सांगता येणार नाही.

दहाव्याला भिंत गप्प.
मुख्याध्यापकांचा केसांचा टोप पंख्यात गेला, तरी गप्प.
विनोद वर्दी न देता येऊन आदळत राहिले,
मी एकालाही दार उघडलं नाही.
अकराव्यालाही तेच.
जाळी एका हातानं, पिशवी दुसऱ्या हातानं;
कावळे बघत होते.
"बर्फावर घसरले. घोटा," खालच्या तोगावाबाई म्हणाल्या.
इस्पितळात नऊला दिवे घालवतात.
मी दोन्ही भाग रेकॉर्ड करून ठेवले,
न्यायला न आलेल्या कवळ्या ठेवते तसे,
वर नाव लिहून.

बारावा, शेवटचा.
पंचवीस वाजून चोवीस मिनिटांनी
पलीकडे काठी वाजली. टक्. टक्.
मग खुर्ची.
पडद्यावर फलाट. मुलगी श्वास घेते.
मालगाडी येते, अर्थातच.
मुलगा आता "काय?" म्हणणार,
त्याच्या अर्धा सेकंद आधी भिंतीतून:
"अरे, ऐक की गाढवा!"

"ऐकलं," मी म्हणाले.
चांगलं मोठ्यानं.
काय ऐकलं, देव जाणे. त्या खडखडाटात
मलाही तिचं वाक्य लागलं नव्हतं.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
अर्ध्या सेकंदाहून कितीतरी जास्त.
कुणी कोणतं आभाळ रंगवलं, ती नावं वर सरकून गेली.
पुढच्या गुरुवारी याच वेळेला सुमो कुस्तीचं काहीतरी आहे.
मग भिंतीवर बोटाच्या पेरानं दोनदा,
आणि आवाज, घसा खाकरून:
"दहाव्यात... आणि अकराव्यात काय झालं?"

मी चपला शोधू लागले.
एक सापडली.